विमानाचे पुढचे दार

महामार्गावरून खांदा कॉलनीकडे वळताना एक मोकळा प्लॉट लागतो. तिथे आता गाड्या धुण्याचे सेंटर आहे. मधले काही महिने त्याच जागेवर एक अख्खे विमान उभे होते, आणि त्या विमानातून पडून मेलेल्या माणसाचा तपास माझ्याकडे होता. नोकरीत मी दरोडे पाहिले, टोळ्या पाहिल्या, सहकारी गमावले. पण निवृत्तीनंतर कोणी सहज विचारले की कोणते प्रकरण लक्षात राहिले, तर तोंडी येते ते हेच.

विमान सरकारी कंपनीचे होते. एके काळी देशातल्या देशात उडायचे तर तिच्याशिवाय दुसरी सोय नव्हती. पुढे खासगी कंपन्या आल्या, ही मागे पडली, दुसऱ्या सरकारी कंपनीत विलीन झाली आणि तिचे नाव पुसले गेले. भंगारात निघालेले तिचे एक विमान एका हॉटेलमालकाने घेतले, तुकडे ट्रेलरवरून आणून प्लॉटवर पुन्हा जोडले. नवा विमानतळ जवळच होणार, तेव्हा लोक विमानात बसून जेवायला येतील, असा त्याचा हिशेब होता.

एका दुपारी ठाणे अंमलदाराचा फोन आला. विमानाचा वॉचमन खाली पडून जागीच गेला होता. मी त्या वेळी तिथला वरिष्ठ निरीक्षक होतो. पथक घेऊन पोहोचलो. मयत ओवे गावचा, पन्नाशीतला. पुढच्या दाराखालच्या काँक्रीटवर तो पडला होता. मागच्या दाराला लोखंडी जिना बसवून झाला होता, पुढच्या दाराचा जिना अजून तयार व्हायचा होता. म्हणून त्या दारात आडवी नायलॉनची दोरी बांधलेली असायची. ती एका बाजूने सोडलेली दिसली. खाली वेल्डिंगची ठिणगी पडून जुन्या सीटांचा स्पंज जळाला होता. जेवून परतलेल्या वेल्डरांनी पाणी ओतून तो विझवला आणि त्याच वेळी त्यांना मृतदेह दिसला.

आत गेलो तर दाराशेजारी मयताच्या चपला होत्या. भिंतीला लावून, जोडीने ठेवलेल्या.

अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. वॉचमन दारू पिऊन पडला असेल, असे मालक वारंवार सुचवत होता. शवविच्छेदनात दारूचा अंशही निघाला नाही. मयताची बायको ठाण्यात आली. सडपातळ, कपाळावरचे कुंकू आधीच पुसलेले. ती म्हणाली, "दारूला तो शिवत नाय, साहेब. गावात कोनालाबी इचारा. तोल जाईल असा मानूस नव्हता. माडावर चढायचा तो."

दोन-तीन दिवसांत एक रिक्षावाला आमच्या हवालदाराला भेटला. हा माणूस अधूनमधून आम्हाला खबर द्यायचा. मी त्याला समोर बसवले.

"साहेब, एक आजी-आजोबा आहेत. आठवड्यातून दोनदा तरी मी त्यांना दुपारी त्या विमानापाशी सोडतो. वॉचमन त्यांना आत घ्यायचा. त्या दिवशीपण सोडलं होतं."

"परत कोणी आणलं?"

"मीच. नेहमी आजोबा गप्पा मारतात. त्या दिवशी एक शब्द नाही. आजी मात्र खुशीत होती. सारखी म्हणत होती, सगळे उतरले ना, सगळे उतरले ना?"

त्यांची इमारत त्यानेच दाखवली. साध्या वेशात मी आणि हवालदार गेलो. दार एका उंच, किडकिडीत गृहस्थाने उघडले. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट. मी ओळखपत्र काढण्याआधीच ते म्हणाले, "मी तुमची वाटच पाहत होतो. वॉचमनला मी ढकललं. हिला शेजारच्या वहिनींकडे सोडतो आणि येतो."

इतक्या सहज मिळालेली कबुली माझ्या पचनी पडत नाही. चूक कबूल करताना माणूस आधी स्वतःची बाजू मांडतो, समोरच्याला दोष देतो, मग हळूहळू मुद्द्यावर येतो. हे गृहस्थ थेट मुद्द्यावर आले आणि तिथेच थांबले.

ठाण्यात त्यांचा जबाब सुरू झाला. ते त्याच विमान कंपनीत देखभाल विभागात इंजिनिअर होते. पत्नी त्याच कंपनीत हवाई सुंदरी. कंपनीविषयी ते भरभरून बोलले. ज्या गावांना धड रस्ता नव्हता तिथे आमचं विमान उतरायचं, म्हणाले. धावपट्टीवरच्या म्हशी हाकलायला माणूस ठेवलेला असायचा. पुरात धान्याची पोती नेली, लसी नेल्या, लढाईच्या काळात जखमी जवान आणले. पत्नीची निवड झाली तेव्हा तिच्या गावातले लोक तिला बघायला घरी आले होते. पुढे विलीनीकरण झाले, गणवेश बदलले, कंपनीची क्वार्टर्स सोडावी लागली आणि दोघे पनवेलला आले.

"विमान प्लॉटवर आलं तेव्हा मी शेपटीवरचा नंबर पाहिला," ते म्हणाले. "याची इंजिनं मी उघडलेली आहेत. ही याच्यातून किती वेळा उडाली असेल. आता हिला काही आठवत नाही हो. सकाळी उठली की मी कोण ते मला सांगावं लागतं. पण त्या विमानात नेली की शांत व्हायची. साडी सारखी करायची, सीट मोजायची. वॉचमन भला माणूस. तिच्यासाठी प्रवासी होऊन बसायचा."

"मग अशा भल्या माणसाला तुम्ही ढकललं?"

"वाद झाला."

"कशावरून?"

"आत येऊ नका म्हणाला."

"आणि वाद चालू असताना त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या?"

त्यानंतर तासभर विचारूनही ते एक वाक्य धरून बसले, "मी ढकललं, तेवढं लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांचे त्या दिवशीचे कपडे जप्त करण्यासाठी त्यांना घेऊन घरी गेलो. सोबत एक महिला हवालदार होत्या. शेजारच्या वहिनी आजींना घेऊन आल्या. आजी गोऱ्या, नीटनेटक्या, अंबाड्यावर जाळी. आमच्याकडे पाहून त्या हसल्या आणि त्यांनी इंग्रजीत स्वागत करून बसायला सांगितले. गृहस्थांना त्यांच्यासाठी दूध तापवायचे होते, मी हो म्हटले. ते आत कपाटातून कपडे काढत असताना दूध उतू गेले आणि पातेले करपले. स्वयंपाकघरातून धूर बाहेर आला.

आजी उठल्या. मी आयुष्यात अनेक माणसांना बदलताना पाहिले आहे, पण असे कधी पाहिले नाही. वाकलेली पाठ ताठ झाली. आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"बेल्ट सोडा! सामान राहू द्या! चपला काढा, चपला काढा! इकडून या!"

महिला हवालदारांना दंडाला धरून त्यांनी गॅलरीच्या दाराशी नेले. हवालदार गोंधळून थांबल्या, तशी आजींनी त्यांच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवले आणि पूर्ण जोर लावून ढकलले. गॅलरीला ग्रिल होते म्हणून बरे. हवालदार त्याच्यावर आदळल्या. आजी मागे वळून मला म्हणाल्या, "घाबरू नका सर. उडी मारा. खाली घसरगुंडी आहे."

गृहस्थ दारात उभे होते. हातातले कपडे खाली पडले होते. ते तिथेच भिंतीला टेकून बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

मग खरा जबाब मिळाला. पत्नीच्या नोकरीत एकदा उतरताना विमानाला आग लागली होती. एक प्रवासी दारात थिजून उभा राहिला, मागे सगळे अडकले. हिने त्याला पाठीत ढकलून दाराला लावलेल्या रबरी घसरगुंडीवरून खाली घसरवले आणि सगळे वाचले. प्रशिक्षणात तसेच शिकवतात, घसरगुंडी फाटू नये म्हणून चपला काढायला लावा आणि जो थांबेल त्याला ढकला. त्या दुपारी खालून स्पंजचा धूर आत आला. हिने दोरी सोडली, ओरडायला सुरुवात केली. वॉचमनला तिची रीत माहीत होती. तिचे मन राखायला तो हसत उठला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि दारात जाऊन उभा राहिला. तो थांबला, कारण खाली जिना नव्हता. पती मागच्या सीटवरून धावत येईपर्यंत उशीर झाला होता.

"आणि तुम्ही खोटं का बोललात?"

"तिला कोठडीत टाकाल. तिथे रोज सकाळी तिला कोण सांगणार, साहेब, की ती कुठे आहे?"

मी घटनास्थळी पुन्हा पंचनामा केला, वैद्यकीय मंडळाचा अहवाल घेतला. आपल्या कृत्याचे स्वरूप जिला समजत नाही तिच्यावर गुन्हा शाबीत होत नाही. कायदा इथे स्वच्छ आहे. खोटी माहिती दिल्याबद्दल पतीला न्यायालयाने समज दिली. हॉटेलमालकावर निष्काळजीपणाचा खटला उभा राहिला, तो माझ्या निवृत्तीपर्यंत तारखांवरच होता. हॉटेल झालेच नाही. विमान कापून नेले.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली तपासाची. आरोपी कबूल झाला म्हणून अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवू नये. कबुलीत जी एक बारीक गोष्ट बसत नाही, तिच्यापाशीच थांबावे. ही गोष्ट मी नंतर प्रशिक्षणाला आलेल्या उपनिरीक्षकांना सांगत आलो.

दुसरी गोष्ट मला कोणाला शिकवता आली नाही. अंतिम अहवाल न्यायालयात गेल्यावर तो समजावून सांगायला मी स्वतः ओव्याला गेलो. हवालदाराला पाठवता आले असते, पण मन मानेना. घर लहान होते. अंगणात सुकट वाळत घातलेली होती. मयताच्या बायकोने मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मी सगळे सांगितले.

मग ती म्हणाली, "घरी येऊन सांगायचा, आज विमानात बसलो. बाय मला सर म्हनते, पानी इचारते. आमी हसायचो त्याला."

मग ती माझ्याकडे वळली.

"साहेब, पयले तो म्हातारा बोलला, मी मारला. आता तुमी बोलता, त्यानं नाय मारला. बायला काय समजत नाय, म्हनून तिनंबी नाय मारला. मालक बोलतो, मी दोरी बांदली होती. मंग माजा मानूस कोनी मारला?"

पोलिसाच्या नोकरीत नातेवाइकांचे प्रश्न टाळता येतात. तपास चालू आहे, एवढे म्हटले की माणूस उठतो. त्या दिवशी तेही म्हणता येईना, कारण तपास पूर्ण झाला होता, आणि माझ्या मते तो चोख झाला होता. ती उत्तराची वाट पाहत उंबऱ्यावर बसून राहिली. शेवटी मीच उठलो.