कालिंदीबाईंचे दोन घास

बाहत्तर साली कलकत्त्याच्या बेहाला भागात राहणारे मनोहर टिळवे सरकारी खर्चानं गुरांसाठी गोड गवताचं वाण काढत होते. ते काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला खात्याचे बंगाली अधिकारी हालदारसाहेब घरी आले. गवताची जुडी टेबलावरच होती. आतून कालिंदीबाईंनी आपल्या मराठीतच आग्रह केला, "दोन घास खाऊन जा हो!"

बंगाल्याला घास म्हणजे गवत. हालदार दचकले, पण वहिनींचा शब्द मोडवेना. "बोउदी बोला, तो खाएगा!"

टिळवे खुलासा करणार, तोच काडी तोंडात! हालदारांनी डोळे मिटून चावली.

"मिष्टी! काम चालू रखिए."

तेवढ्यात वरणभाताचं ताट घेऊन आलेल्या कालिंदीबाई नवऱ्यावर कडाडल्या, "अहो, गुरं नि पाहुणे एकाच दावणीला बांधता काय?"