भिंतीच्या तळातली भोकं

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला मी हौसेनं बाहेरून दगडी क्लॅडिंग करून घेतलं. मिस्त्रीनं भिंत आणि दगड यांच्यात बोटभर पोकळी ठेवली आणि तळाशी ओळीनं बारीक भोकं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बायकोचा भाऊ म्हणाला, दाजी, उंदरांची सोय छान केली की. माझं डोकंच फिरलं. पाव्हणे यायच्या आत मी पांढरं सिमेंट कालवलं आणि एकूण एक भोक बुजवून टाकलं.

दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला आतून ओल आली. आमची झोपायची खोली नेमकी तिथंच. रंगाचे पापुद्रे सुटले, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरली, आणि बायकोला जो खोकला लागला तो सुटेचना. मी काय करावं? तिच्यावरच ओरडलो. खोलीत ओले कपडे वाळत घालतेस, खिडकी उघडत नाहीस, मग ओल येणार नाही तर काय होणार? ती बिचारी कपडे गच्चीवर न्यायला लागली. मी दोनदा आतून वॉटरप्रूफिंग केलं, मिस्त्रीला फोनवर नाही नाही ते बोललो. ओल काही हटेना.

यंदा तिला चार पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी बजावलं, यांना त्या घरात ठेवू नका. ती नातेपुत्याला माहेरी गेली आणि माझं अवसानच गळालं. ज्याला शिव्या घातल्या त्याच मिस्त्रीच्या मी हातापाया पडलो.

तो आला, भिंतीपाशी उकिडवा बसला, तळाशी हात फिरवला.

"पाणी जायची वाट कुणी बुजवली?"

त्यानं खालचे दोन दगड काढले तर आतून पाणीच आलं. मागचं प्लास्टर नखानं निघत होतं. सगळं क्लॅडिंग उतरवा, भिंत वाळेपर्यंत वहिनींना आणू नका, म्हणाला. किती दिवस, ते त्यालाही सांगता येईना.

मी तिथंच पायरीवर बसून तिला फोन लावला. लई चुकलो म्हणालो, रडलोसुद्धा. ती भोकं मी बुजवल्यानं हे झालं, तुझा काही दोष नव्हता, असं सगळं सांगून टाकलं.

खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ती थांबली. मग शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं. मिस्त्री तवाच मला सांगून गेले होते, भोकं बुजवू नका म्हणून. पण तुमाला कोण सांगणार?"