तीनदा नवी केलेली चिठ्ठी

खाणीच्या कंपनीत हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पेन्सिल म्हणत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कुठलाही आकडा शाईने लिहीत नसे. दगडाचा ढीग असेल तर भोवती फिरून पावलं मोजी, डंपर असेल तर टायरला हात लावून येई. तोवर वहीत आकडा पेन्सिलीनेच असे. सव्वीस वर्षांत त्याने एवढा एकच लौकिक कमावला होता, आणि तो त्याला पुरेसा वाटे.

कंपनी जुनी यंत्रं विकून टाकी. घेणाऱ्याकडे रोख नसली तर त्याच्याकडून वचनचिठ्ठी घेतली जाई: अमुक तारखेला अमुक रक्कम व्याजासह देईन, खाली सही. या चिठ्ठ्या तिजोरीत राहत आणि ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला, जमीन आणि यंत्रांच्या पंगतीला बसत. "माणूस पैसे देत नाही, शब्द देतो," पेन्सिल सांगे. "आपण त्या शब्दाला कुलूप लावून ठेवतो आणि स्वतःला श्रीमंत म्हणवतो."

यातली सगळ्यात मोठी चिठ्ठी त्याच्या धाकट्या मेहुण्याची होती. मेहुण्याने खडी फोडायचं जुनं यंत्र सहा लाखांना घेतलं होतं, वर्षाच्या मुदतीने. मुदत भरली तेव्हा बायकोच्या भावाकडे पैसे मागायचे कसे, हा प्रश्न पेन्सिलला पडला. त्यावर त्याने स्वतःच तोडगा काढला. व्याज मिळवून नवी चिठ्ठी घरीच लिहून नेली, मेहुण्याची सही घेतली, जुनी फाडली. पुढे दरवर्षी तेच. सहाचे पावणेसात झाले, मग साडेसात, मग जवळपास साडेआठ. मेहुणा दमडी देत नव्हता आणि कंपनी त्याच्या जिवावर दरसाल जास्त श्रीमंत होत होती.

या वर्षी कंपनीला नवा पंप घ्यायला कर्ज हवं होतं. बँकेने ताळेबंद मागितला आणि प्रत्येक चिठ्ठीपुढे एक ओळ लिहून मागितली: वसूल होईल की नाही, आणि का.

"सगळ्या होतील असं लिहा," मॅनेजर म्हणाला. "तुमच्या सहीवर बँकेचा विश्वास आहे."

तीच तर अडचण होती. मेहुण्याचं यंत्र पेन्सिलने कधी पाहिलंच नव्हतं. तो घरी जाई, पुढच्या खोलीत बसे, सही घेई आणि चहा पिऊन निघे. न पाहता लिहिलं तर सव्वीस वर्षं पाण्यात. पाहिलं आणि बुडीत लिहावं लागलं, तर बायकोच्या माहेरी तोंड दाखवायला जागा नाही.

"जाऊन बघा की," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "भीड भिकेची बहीण. माझा भाऊ काही तुम्हाला खाणार नाही."

यंत्र गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. म्हणजे त्याचा सांगाडा होता. मोटार नव्हती, पट्टा नव्हता, खडी पडायची तिथे कमरेएवढं गवत वाढलं होतं. मेहुणा शेजारच्या दगडावर बसला होता.

"मोटार विकली," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही विचारलंत कधी, दाजी?"

मेहुणा गवताकडे बघत बोलत राहिला. "पहिल्या वर्षी पैसे तयार होते. सगळे नाही, चार लाख. कपाटात काढून ठेवले होते. तुम्ही आलात आणि नवा कागद पुढे केलात. मला वाटलं, कंपनीला घाई नाही. तुमच्यापुढे पैसे काढले तर तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. मग ते पैसे घरात लागले. एकदा लागायला लागले की लागतातच."

इतकी वर्षं आपण मेहुण्याची लाज राखतोय असं पेन्सिल समजत होता. राखली होती ती स्वतःची.

त्याने दुसऱ्या दिवशी ओळ लिहिली आणि ताळेबंद मॅनेजरपुढे ठेवला. मॅनेजरने चष्मा लावून वाचलं: "साडेआठ लाख, वसुली संशयास्पद. कारण: मुदत भरल्यावर मागणी केली नाही. चूक लेखापालाची."

"हे कारण बँक पहिल्यांदाच बघेल."

"मीही पहिल्यांदाच लिहितोय, साहेब."

"आणि पंप?"

"कर्ज कमी मिळेल. छोटा घ्यावा लागेल."

मॅनेजरने सही केली. बायकोला पेन्सिलने संध्याकाळी सगळं सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि भावाशी तर त्याहून जास्त दिवस.

महिन्याच्या एक तारखेला पेन्सिल मेहुण्याच्या दारात उभा राहिला. खिशात नवी चिठ्ठी नव्हती, फक्त पावतीपुस्तक होतं. बसा म्हटलं तरी तो बसला नाही.

"पैसे दे," तो म्हणाला. एवढे दोन शब्द बोलायला त्याला तीन वर्षं लागली होती.

मेहुणा आत गेला आणि घडी घातलेल्या नोटा घेऊन आला. "बाराशेच आहेत."

पेन्सिलने त्या दोनदा मोजल्या आणि पावती सरळ शाईने लिहिली. मेहुण्याने ती हातात धरून वरपासून खालपर्यंत वाचली.

"दाजी," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यातही मागायला याल ना?"