एका बाजूला, दोन बोटं

जानकीमावशी गेल्याचं कळलं ते सकाळी दारात मासळीची टोपली उतरली तेव्हा. टोपली तिची, पण उतरवणारी तिची सून. "सासू गेली, बाय. जेवून आडवी पडली ती उठलीच नाय." त्याला आता महिना होत आला. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण तिची आठवण आली की आधी हसूच फुटतं, त्याला मी काय करू?

आमच्या यांना तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याहून पालघरला बिऱ्हाड केलं. मी इथल्या एका दवाखान्यात नर्स. घाटावरच्या मला ताजं पापलेट ओळखता येईना, ते सातपाटीहून मासळी घेऊन येणाऱ्या जानकीमावशीने शिकवलं. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि मान अशी दाबायची की कल्ले उघडतात. "लाल हाय ना? मंग ताजा!" बदल्यात तिने माझ्याकडून नाडी बघणं शिकून घेतलं. तिचा नवरा, धर्माकाका, होडी हाकणारा जुना तांडेल, आता थकलेला. झोपला की ओंडक्यासारखा निपचित. "रोज सकाली माजा जीव जातो, बाय. हाय का गेला, कलतच नाय." दोरखंड ओढून ओढून त्यांचं मनगट इतकं राठ झालेलं की तिथे तिला नाडी लागेना. म्हणून मी मानेवरची दाखवली... एका बाजूला, दोन बोटं, अगदी हलकी.

पण हाताचं वळण जाईल कसं? मी सातपाटीला गेले तेव्हा "बग, कशी बगते मी," म्हणत तिने जाळं शिवत बसलेल्या काकांचा गळाच धरला. अंगठा इकडे, बोटं तिकडे, थेट पापलेट! म्हातारा पांढराफटक पडून बसल्या जागी कलंडला. "मारला गो मी माज्या म्हाताऱ्याला!" तिने हंबरडा फोडला. मी तिचा हात सोडवला, काकांना आडवं केलं, पाय उशीवर घेतले. जरा वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "गला कोनी धरला माजा?" आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून काळजी नाही म्हटलं, तरी मी मावशीला चांगलंच झापलं. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर डोक्याकडे जाणारं रक्त अडतं. एकाच बाजूला जरी जोरात दाबलं, चोळलं, तर ठोके मंदावतात आणि म्हाताऱ्या माणसाला भोवळ येते. "मंग मी हातच नाय लावनार," ती रडत म्हणाली. पण थोड्याच दिवसांत परत आली. "नाय लावला तर जीवाला चैन नाय. परत दाखव." मग माझ्याच मानेवर सराव चालला. घरभर मासळीचा वास, आणि बोटं हळूहळू इतकी हलकी झाली की मला गुदगुल्या व्हायच्या.

परवा काकांना भेटायला गेले. त्यांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "सकाली उठली का आदी दोन बोटां ठेवायची मानेवर. मंग चूल पेटवायची. मी जागाच असायचो, बाय... सांगितला नाय कवा. सांगितला असता तर तिनं हात लावला असता का?"

निघताना सून दारापर्यंत आली. म्हणाली, सासरे अजून सकाळी जागे होतात, पण डोळे उघडत नाहीत. मान जरा वळवून तसेच पडून राहतात, चूल पेटल्याचा आवाज येईपर्यंत.