पानमळ्यातला उन्हाळी वर्ग

वैशाखात पुण्याची शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. मी वऱ्हाडात निघाले तेव्हा नणंदेने विचारलं, "घरात भांडण झालं का?" भांडण नव्हतं. मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या प्रवेश परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी अंजनगाव सुर्जीला सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग होता, आणि शिकवायला दुसरं कुणी मिळालं नव्हतं.

आधी अकोल्याला उतरले. वर्ग भरवणाऱ्या मंडळाचे चिटणीस वकील होते. वाळ्याच्या ओल्या ताट्यांआड बसून त्यांनी वेळापत्रक आखलं होतं : अकरा ते चार. मी सकाळची वेळ सुचवली. "शिस्त, बाई, शिस्त!" म्हणत त्यांनी पन्ह्याचा दुसरा पेला मागवला. मला पहिलाही मिळाला नव्हता.

मूर्तिजापूरहून पुढे लहान रुळांची गाडी. एक गृहस्थ चालत्या गाडीतून उतरले, झाडामागे जाऊन आले आणि त्याच डब्यात चढले. शेजारणीने माझ्या हातात कांदा ठेवला. "ऊन लागते, बाई. कितीक दिवस हाय?"

"सहा आठवडे."

"मंग दोन ठेवा."

शाळेला पत्र्याचं छप्पर होतं. दुपारी खाली बसलं की आपण भाजले जातोय की उकडले, एवढाच प्रश्न उरे. चौदा मुलं होती. हिशेबात सर्वांत तल्लख होती गंगू. परीक्षेत उतरली तर अमरावतीच्या मुलींच्या मिडल स्कुलात तिला वसतिगृहासकट जागा मिळणार होती. पण रोज ती बाकावर डोकं ठेवून झोपायची. चौथ्या दिवशी तिचे वडील नथ्थूजी आले.

"नाव काटा पोरीचं. झोपाचंच हाय तं घरी झोपंन."

"पण ती वर्गात झोपते कशानं?"

"पहाटपासून येलीले पाणी टाकून राहिली. येली मेल्या तं खाचं काय?"

संध्याकाळी मी त्यांच्या पानमळ्यात गेले. दारातच त्यांनी ओरडून थांबवलं, "वाहना बाहीर! इथं देव हाय!" चपला काढून अनवाणी आत शिरले आणि थबकले. शेवरीच्या उंच झाडांवर चढलेल्या पानवेली, खाली ओली माती, हिरवी सावली. अकोल्याच्या ताट्या झक मारतील असा गारवा.

"नथ्थूजी, वर्ग इथंच भरवते."

ते हसले. "काहून, शाळा पयाली का?"

"पोरगी पाणीही घालील, शिकेलही."

"चौदाही पोट्टे पाणी टाकतीन तं भरवा. अन् बाई, तुमीबी."

अकोल्याला मी कळवलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. पाच आठवडे आम्ही घागरी ओतत भूगोल केला. इंग्रजी क्रियापदं विहिरीपासून वेलीपर्यंत पाठ होत. गावातल्या एका वकिलाचा चिरंजीव पहिल्या दिवशी रडला. पुढे घागर कुणाला देईना. जेवायला भाकर, ठेचा आणि आमरस. माझी कंबर दुखत होती, पण झोप मात्र लागे.

गंगूच्या परीक्षेला ती, नथ्थूजी आणि मी सर्व्हिस मोटारीने अमरावतीला निघालो. वलगावला इंजिन तापून मोटार थांबली. ड्रायव्हर नुसता शिव्या देत होता. गंगूने समोरच्या घरातून घागर आणून पाणी ओतलं.

निकाल परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी लागला. गंगू पास झाली, जागाही मिळाली. मी पेढे आणायला निघाले, तर नथ्थूजींनी हात आडवा केला.

"एक बोली हाय. बाकीचं वर्ष शाळेनं शिकवावं. उन्हायात पानमयात मी शिकवीन."

"उन्हाळ्यात तिनं अभ्यास करायचा असतो!"

"मंग मी शिकवतो थो अभ्यास नाई का, बाई?"

मी गंगूकडे पाहिलं. ती म्हणाली, "मले दोनी येते. भांडा तुमी दोघं."

तिला वसतिगृहात सोडून मी पुण्याच्या गाडीत बसले. नथ्थूजींना द्यायचं उत्तर भुसावळपर्यंत शोधत होते. एक चांगलं सापडलं, मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. फक्त ते मलाच पटलं नाही.