बारा पावलं लांब

"थांबा. धूळ झटका, मग बोला."

त्याच्या गच्चीच्या शेवटच्या पायरीवर तुम्ही पोचलात की हे ऐकू यायचंच. मग खांद्यावरचा ओलसर पंचा काढून तो तुम्हाला पाठीपोटावर फटके मारायचा. नगरसेवक असो नाहीतर गॅसवाला, फटके सगळ्यांना सारखेच.

चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत तो तीस वर्षं पेंट शॉपला होता. तिथं आत जाताना म्हणे माणसाच्या अंगावर जोरात वारा सोडतात, धूळ उडवायला. रिटायर होऊन तळवड्यात आमच्या गल्लीत राहायला आला, पण पेंट शॉप काही त्याच्या अंगातून गेलं नाही. उन्हाळा लागला की गल्लीतले पाट, चौरंग, देव्हारे, पाळणे त्याच्या गच्चीवर चढायचे. पाऊस यायच्या आत सगळ्यांना पॉलिश. मजुरी काय, तर तांब्याभर पन्हं.

काम सकाळी दहापर्यंतच. पुढं उन्हानं वार्निशला फोड येतात म्हणायचा. आधी गच्ची पाण्यानं धुवायची. मग लाकूड पॉलिशपेपरनं घासायचं, फडक्यानं रंग चोळायचा, तो मुरला की वर वार्निशचे दोन हात. ब्रश फिरत असताना कुणी शिंकायचं नाही. मी एकदा शिंकलो, तर अख्खा चौरंग परत घासायला लावला. मलाच.

पण धुळीपेक्षा मोठा वैरी म्हणजे तेल. डोक्याचं तेल, सेंट, काहीही. तेलाचा हात लागला की तिथं वार्निश फाटतं, बारीक खड्डे पडतात. माझा रावेतचा जावई एकदा सेंट मारून वर गेला. जिन्यातच अडवला.

"अहो, मी यांचा जावई."

"जावई असाल यांचे. मला नुसता वास येतोय. खाली जाऊन अंघोळ करा."

आणि केली की हो जावयानं अंघोळ! माझं कधी एक ऐकलं नाही त्यानं.

त्याला पुरून उरलं एकच माणूस. माझी बायको. ती मुद्दाम डोक्यावर खोबरेल थापून त्याला चहा घेऊन जायची.

"वहिनी, तेल! बारा पावलं लांब!"

"व्हय, तेलच हाय. च्या पायजे का न्हाई? मग तेलासकट घ्या, भावजी."

ती पुढं यायची, तो मागं सरायचा. गच्चीभर फिरायचे दोघं. चहा निवायचा, आणि खाली गल्ली हसून मरायची.

ती माघात गेली.

आमच्या ओट्यावर एक बाकडं आहे. माझ्या कंपनीत मशीन आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्यांचं मीच ठोकलेलं. रोज दुपारी ती त्यावर मान टाकून बसायची. टेकीवर तिच्या डोक्याचा काळा गोल डाग पडला होता. बाकड्याला पॉलिश करतो म्हणून तो किती वर्षं मागं लागला होता. "मग मी बसू कुठं?" म्हणून ती देत नव्हती. आता फळ्या चिरायला लागल्या होत्या.

त्या वैशाखात तो पॉलिशपेपर घेऊन ओट्यावर आला.

"दादा, हा पाऊस बाकडं काढणार नाही. सगळं घासायला लागेल."

"त्या डागाला पेपर लावलास तर हात मोडीन."

मी असाच बोलतो. त्या दिवसांत जास्तच.

तो गुडघ्यावर बसला, डागाजवळ नाक नेलं. दोनदा वास घेतला.

"वहिनीच आहेत," म्हणाला.

मग घरी जाऊन चिकटपट्टी घेऊन आला. गाडीच्या ज्या भागाला रंग नको तो कंपनीत असाच झाकतात. कागदाचा गोल तुकडा कापून त्यानं डाग झाकला, कडेनं पट्टी लावली. तीन दिवस सकाळी काम केलं. मी पायरीवर बसून होतो. एकदाही शिंकलो नाही.

बाकडं गुळासारखं झालं. त्यानं पट्टी काढली. डाग जागच्या जागी! पण तेल लाकडात आणखी पसरलेलं होतं. गोलाच्या कडेनं सगळीकडं वार्निश फाटलं होतं, खड्डेच खड्डे. एका केसापायी अख्खं दार खरवडणारा माणूस हा. मला वाटलं, आता घेतोय पेपर.

तो खड्ड्यांकडं बघत राहिला आणि हसायला लागला.

"आतासुद्धा ऐकत नाहीत."

मीही हसलो. माघानंतर पहिल्यांदाच.

निघताना म्हणाला, "उघडं लाकूड आहे दादा, सुकेल. दर उन्हाळ्यात तिथं तेल लावा."

"तू सांगतोस, तेल लावा?"

"खोबरेल. थोडंच. आणि गल्लीत बोलू नका."

आजवर बोललो नव्हतो. आता बोलायला हरकत नाही. गेल्या दिवाळीत तोही गेला. त्याच्या गच्चीवर कपडे वाळतात.

यंदा वैशाखात मी सकाळीच ओटा धुतला. त्याच्या घरच्यांनी मला दिलेला पंचा ओला करून पिळला. स्वतःच्याच पाठीपोटावर चांगले चार फटके मारून घेतले. समोरची पोरगी बघून हसत होती. हसू दे.

मग खोबरेलाच्या बाटलीत बोट बुडवलं.