मुहूर्ताआधी तापवलेलं इंजिन

तुम्ही शेवटची जुनी गाडी विकत घेतलीत, तेव्हा किल्ली फिरवण्याआधी तिच्या इंजिनावर हात ठेवून पाहिला होता का?

बहुतेकांनी पाहिलेला नसतो. आपण रंग पाहतो, सीट पाहतो, किती चालली ते विचारतो, आणि एका किल्लीत लागली की खूश होतो. मीही तसाच होतो. नोकरीच्या अखेरच्या काळात माझ्या हाती एक प्रकरण आलं आणि ही सवय सुटली. निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. हाताखालून खून, दरोडे, फसवणुकी पुष्कळ गेल्या, त्यांतल्या कित्येकांचे चेहरे पुसले गेले. पण धरणाच्या काठावर खडकाला टेकून पडलेली ती पांढरी लाँच तशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. यात मी कुणाचं नाव घेणार नाही. घेऊन कुणाचं भलं होणार नाही.

नाशिकच्या पश्चिमेला धरणांच्या फुगवट्यावर शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात. आमच्या ठाण्याच्या हद्दीत असाच एक काठ होता. तिथे एक होडीवाला वर्षानुवर्षं पर्यटकांना फिरवून आणायचा. लाकडी होडी, मागे लहानसं इंजिन. मग जवळच्या गावातल्या एका फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्याने किनाऱ्यावरच्या एका हौशी माणसाकडून जुनी मोटारबोट विकत घेतली आणि ट्रेलरवर घालून घाट चढवून आणली. तिला केबिन होती, गादीच्या बैठका होत्या आणि डिझेलची दोन इंजिनं होती. विकणारा तिला यॉट म्हणायचा, गाव तिला लाँच म्हणू लागलं. लाँच चालवायला शेतकऱ्याचा मेहुणा बसला. बायकोचा धाकटा भाऊ, हसतमुख, पाहुण्यांना काय हवं नको ते बघणारा. होडीवाल्याकडे फिरकणारी माणसं कमी होत होत थांबली.

अपघाताच्या दिवशी एक कुटुंब वाढदिवसाला आलं होतं. लाँच त्यांना घेऊन पलीकडच्या काठाला गेली. जेवणं झाली, गप्पा लांबल्या. परतायच्या वेळी वारा उठला आणि एकही इंजिन चालू होईना. मेहुणा स्टार्टर फिरवत राहिला, शेवटी बॅटरीही संपली. तोवर वाऱ्याने नांगर ओढला होता आणि लाँच आडवी होऊन खडकांकडे सरकत होती. ती आदळू नये म्हणून मेहुणा बांबू घेऊन पुढे गेला, पाय घसरला आणि लाँच व खडक यांच्यामध्ये सापडला. पाहुण्यांच्या अंगात लाइफ जॅकेटं होती, ते सगळे वाचले. चालवणाऱ्याच्या अंगात नव्हतं. मी पाहिलंय, दुसऱ्याला जॅकेट घालायला लावणारा माणूस स्वतः कधी घालत नाही.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, टाकीतल्या डिझेलचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला. आणि खबर आली.

काठावरचा चहावाला आमचा जुना खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, होडीवाला माझ्या टपरीवर सगळ्यांदेखत बोलला होता. ही लाँच तळाला नाय गेली तर मिशी काढून ठेवीन म्हणाला. आणि त्या दिवशी सकाळी लाँचपाशी उभा व्हता. मी बघितला."

पाठोपाठ लाँचमालकाचा जबाब आला. तोही हेच सांगत होता. डिझेलमध्ये पाणी घातलं असणार, दुसरं कोण घालील? दोन इंजिनं एकदम कशी बंद पडतील? मुद्दा बिनतोड वाटत होता. गावाने तर प्रयोगशाळेची वाटही पाहिली नाही. संध्याकाळच्या आत होडीवाल्याच्या होडीचा तळ कुऱ्हाडीने फोडला गेला.

होडीवाल्याला नोटीस देऊन चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा काटक माणूस. मिशी होती, पण त्या दिवशी ती मिरवण्यासारखा तो राहिला नव्हता.

"मिशीचं बोललास का?"

"बोललो."

"का?"

"तोंड हाय साहेब. पोटाला लागलं की सुटतं."

"सकाळी लाँचपाशी काय करत होतास?"

इथे तो गप्प व्हायचा. पुन्हा विचारलं की मान खाली. आमच्या एका हवालदाराने टोमणाही मारला, "मिशी आहे, मग जीभ कुठे ठेवून आलास?" तरी बोलेना. पोलिसाच्या दृष्टीने असं मौन म्हणजे अर्धा कबुलीजबाब. मी मात्र अटक लांबवली. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता, आणि काहीतरी लपवणारा माणूस गुन्हाच लपवतो असं नसतं. पण वरून विचारणा होत होती, गाव ठाण्यासमोर जमत होतं. फार दिवस मी त्याला बाहेर ठेवू शकलो नसतो, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

अशात लाँचमालकाची बायको ठाण्यात आली. भावाचं घड्याळ आणि मोबाईल आमच्या ताब्यात होते, ते घ्यायला. व्हरांड्यातल्या बाकावर होडीवाला बसला होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला. म्हणाला, "ताई." 

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यांना का बसवलंय?"

मी सांगितलं. तिने वस्तू घेतल्या, सही केली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. एकटीच आली होती, आणि खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, त्या माणसानं काय केलं नाय. माझ्या भावाला दवाखान्यात नेलं ना, तेव्हा आमचे हे त्याच्या छातीवर पडून रडत होते. म्हणत होते, तुला किती वेळा बजावलं होतं, इंजिन बंद करू नको म्हणून." पुढे म्हणाली, "मी रात्रभर हाच इचार केला. बंद करायचं नाय, हे यांना आधीच ठाऊक व्हतं."

मी विचारलं, "हे सांगितल्यावर काय होईल, माहीत आहे ना?"

"माहीत हाय. भाऊ गेला. आता नवराबी जाईल." मग सावकाश म्हणाली, "पण त्याच्या घरीबी कुणीतरी असंल ना."

तिच्या त्या बोलण्याची कोर्टात काय किंमत होईल, हा वकिलांचा प्रश्न होता. मला रस्ता दिसला होता.

लाँच काठावर ओढून आणली होती, इंजिनं शाबूत होती. पंच बोलावले, परिवहन विभागाचा अधिकारी बोलावला, नवी बॅटरी जोडली, पंचांसमोर नवं डिझेल भरलं. मग मालकाला म्हणालो, "चालू करून दाखव."

तो शिडीवर चढला. किल्लीला हात लावला आणि सवयीने बोलून गेला, "साहेब, आधी थोडं गरम करावं लागंल."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यालाही कळलं आपण काय बोललो. त्याने किल्ली फिरवली नाही. तिथेच गादीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नंतर त्याने सगळं सांगितलं. झिजलेलं डिझेल इंजिन थंड असलं की सहजी लागत नाही, नुसता पांढरा धूर सोडतं. एकदा तापलं की मात्र दिवसभर चालतं, कुणाला शंकाही येत नाही. दोन्ही इंजिनं एकाच वयाची, एकाच हाताखाली सारखीच झिजलेली. एक बंद पडलं तर दुसरं आहे, हा दिलासाच खोटा होता. मालकाला हे लाँच घरी आणल्यानंतर पहिल्याच आठवड्यात समजलं. तेव्हापासून तो रोज पर्यटक यायच्या आधी काठावर जायचा, खटपट करून इंजिनं लावायचा आणि तापवून ठेवायचा. मेहुण्याला ताकीद होती, दिवसभर बंद करायचं नाही.

"दुरुस्त का नाही केलीस?"

"हंगाम झाल्यावर करणार होतो."

"आणि लोकांपासून लपवलंस का?"

"पाव्हण्यांसमोर किल्ली फिरवली आन् लागलं नाय, तर पुन्हा कोण येईल साहेब?"

मेहुण्याने त्या दिवशी बंद का केलं, तेही पाहुण्यांकडून कळलं. त्यांतल्या आजोबांनी म्हटलं होतं, "बाळा, जरा बंद कर ना, आवाजात बोलता येईना." त्याने केलं. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, एवढ्या एका चांगल्या सवयीपायी तो गेला.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. डिझेल शुद्ध होतं. होडीवाल्याला चौकशीतून मोकळं केलं तेव्हा मी पुन्हा विचारलं, त्या सकाळी लाँचपाशी काय करत होतास? आता तो बोलला. "काम मागायला गेलतो. तुमच्या लाँचवर ठेवा म्हणलं. पोरगं भलं होतं, म्हणालं, दाजींना इचारतो." मिशीवर पैज लावलेल्या माणसाला हे चारचौघांत सांगण्यापेक्षा संशयित म्हणून बसणं सोपं वाटलं होतं.

मालकावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला. पण मूळ विकणारा? मी किनाऱ्यावर जाऊन त्याचा जबाब घेतला. शांत, सुशिक्षित, आदबशीर माणूस. त्याने चहा दिला आणि सांगितलं, "त्यांनीच फोन केला होता. म्हणाले, मुहूर्त काढलाय, वणीहून देवीचा प्रसाद आणतोय, नारळ फोडल्यावर एका किल्लीत लागली पाहिजे, नाहीतर अपशकुन होईल. मी म्हटलं, काळजी करू नका. ते यायच्या आधी इंजिनं लावून तापवून ठेवली. यात गुन्हा काय झाला?"

खरेदीच्या कागदावर 'आहे तशी, आहे त्या स्थितीत' असं लिहून खाली दोघांच्या सह्या होत्या. कायद्यात त्याला हात घालता आला नाही. मला त्या माणसाचा आजही राग येतो, आणि आपल्या सगळ्यांचाही येतो. मुहूर्त बिघडू नये म्हणून आपणच परीक्षा टाळतो. पाहुण्यांसमोर लाज जाऊ नये म्हणून दोष झाकतो. फसवणारा फक्त आपल्या या सवयीला मदत करतो. फसलेला माणूस नंतर तीच युक्ती पुढच्या माणसावर चालवतो आणि तिला धंदा म्हणतो. ती लाँच इथे कुणीही थंड असताना पाहिली नव्हती, ज्याला माहीत होतं त्या मालकाखेरीज आणि ज्याने विश्वासाने ऐकलं त्या मेहुण्याखेरीज.

चौकशीच्या कामातही मी त्यानंतर बदललो. नातेवाइकांनी शिकवून आणलेला साक्षीदार तापवलेल्या इंजिनासारखाच सुरळीत चालतो. मी त्याला परत पाठवायचो आणि दुसऱ्या दिवशी न सांगता त्याच्या दारात जायचो.

मालकाला शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. घर काही पुन्हा जुळलं नाही. माहेरचे म्हणतात, भावाला हिच्या नवऱ्याने मारलं. सासरचे म्हणतात, नवऱ्याला हिने तुरुंगात पाठवलं. खरं बोलल्याची एवढी शिक्षा मी कुठल्या गुन्हेगारालाही झालेली पाहिली नाही. होडीवाल्याची होडी कुणी भरून दिली नाही. तो आता अंबडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे.

ती बाई फुलबाजारात हार विकते. गेल्या दसऱ्याला मी तिच्याकडे गाडीसाठी हार घ्यायला गेलो. माझ्या आधी एक तरुण उभा होता, त्याने मोठा हार मागितला. तिने विचारलं, "गाडी नवी का जुनी, दादा?"

"जुनीच, पण एकदम भारी. आजच आणतोय."

तिने हार पुढे केला नाही, हातातच धरून ठेवला. "थंड असताना लावून बघितली का?"

तो हसला. "मावशी, तुम्ही हार द्या."

तिने हार दिला. मला पाहून ओळखीचं थोडं हसली आणि पुढची फुलं ओवू लागली. तो तरुण मोटारसायकलवर बसून निघूनही गेला होता.

तो तिचं ऐकून थांबला नाही. तुम्ही थांबा. जुनी गाडी, ट्रॅक्टर, बोट, पंप, काहीही घ्यायला जाल तेव्हा न कळवता सकाळी जा आणि पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं, तर नारळ पिशवीत घाला आणि घरी या. मुहूर्त दुसरा काढता येतो. आणि विकणारे तुम्ही असाल, तर गिऱ्हाईक येण्याआधी किल्लीला हात लावू नका. त्याला ती थंडच दाखवा.